एकशे अठरा ठिपके

११ जानेवारी

बारके,

तुझ्या फॉर्मांवर दोन शाया का आहेत?

एवढंच विचारायचं आहे. बाकी काही लिहायचं नसेल तर लिहू नकोस. याच कागदाच्या पाठीमागे एका ओळीत उत्तर लिही आणि आईकडे दे, ती पाठवेल. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि हे फोनवर विचारण्यासारखंही नाही.

कारण सांगते. घरातल्या वृद्धांच्या सर्व्हेची दुसरी फेरी निघते आहे. सहा वर्षांपूर्वी आपण दोनशे चौदा प्रश्न विचारले होते. आता साठच ठेवायचे आहेत. कुठले गाळायचे ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून जुने सगळे फॉर्म मी पुन्हा संगणकावर मांडले. ते कसं करतात हे मीच तुला एकदा दाखवलं होतं. प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. उत्तरं सारखी असलेली घरं जवळ येतात, वेगळी असलेली लांब जातात. मनात काही न धरता मांडायचं आणि बघत बसायचं. तू म्हणाली होतीस, "म्हणजे काय हरवलंय ते माहीत नसताना घर उलथंपालथं करायचं." मी रागावले होते. खरं म्हणजे तू बरोबर सांगितलं होतंस.

तीन हजार एकशे बारा ठिपके. मध्ये मोठा ढग. उजवीकडे खाली एक वेगळा पुंजका, एकशे चौऱ्याऐंशी ठिपक्यांचा. त्यातले एकशे अठरा तुझे. तू भरलेला एकूण एक फॉर्म त्यात आहे. उरलेले फॉर्म भरणाऱ्या बाकीच्या अकरा जणींचे, प्रत्येकीचे पाचसात.

हा पुंजका तेव्हाही दिसला होता. पुढचं तुला माहीत आहे. फेरतपासणीचा माणूस तुझ्या दहा घरी जाऊन आला. दहाही घरांनी सांगितलं की बाई एकदाच आली, वीस मिनिटं बसली, थोडेच प्रश्न विचारून गेली. फॉर्म मात्र पूर्ण भरलेले होते, सुरुवातीचा भाग निळ्या शाईत, पुढचा काळ्या. समितीने ते बनावट ठरवले. तू काही बोलली नाहीस. फॉर्म वगळले गेले आणि यादीतून तुझं नाव काढलं गेलं.

आज ते फॉर्म चौकशीच्या फाइलमधून काढून समोर घेऊन बसले आहे. काळ्या शाईतला भाग प्रत्येक फॉर्मवर एकतिसाव्या प्रश्नापासूनच सुरू होतो. खोटं लिहिणारा माणूस इतक्या शिस्तीने पेन बदलत नाही.

ताई


२ फेब्रुवारी

बारके,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी बसले नव्हते.

मी दप्तरखान्यात गेले. तिथले काका म्हणाले, "सहा वर्षांत या कपाटाची किल्ली कोणी मागितली नाही. गंज सोडवायला तेल लागेल." तेल आणलं. बाकीच्या जणींचे कागदी फॉर्म तिथे गठ्ठ्यांत बांधलेले आहेत. संगणकात आहे ते सगळं कागदावर आहे, पण कागदावर आहे ते सगळं संगणकात नाही, हे मी विसरले होते.

पहिल्या पानावर समासात एक छोटी चौकट आहे: 'मुलाखतीच्या वेळी हजर व्यक्ती'. ती सगळ्या जणींनी भरली होती. सून. मुलगा. सून आणि शेजारीण. मुलगा, सून, दोन नातवंडं. ही माहिती संगणकात गेली नाही, कारण नोंदणीच्या नमुन्यावर त्या चौकटीसमोर 'नको, उपयोग नाही' असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं आहे.

मी आणि आमची नोंदणीवाली, आम्ही दोघींनी नऊ दिवस बसून ती चौकट भरून काढली. ती वाचायची, मी आकडे टाकायचे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, ह्या घरांतून म्हातारं माणूस एकटं सापडतच नाही का हो?" नाही सापडत. तुझे सोडून दोन हजार नऊशे चौऱ्याण्णव फॉर्म. त्यांतल्या फक्त चौऱ्याहत्तर फॉर्मांत चौकटीत लिहिलंय, 'कोणी नाही'. सून मुलाला शाळेतून आणायला गेली, मुलाला फोन आला आणि तो बाहेर गेला, असं काहीतरी घडलेलं. योगायोगाने.

मग मी ठिपक्यांना नवे रंग दिले. कोणी मुलाखत घेतली त्याप्रमाणे नाही. खोलीत कोण होतं त्याप्रमाणे.

त्या चौऱ्याहत्तरांपैकी एकसष्ट तुझ्या पुंजक्यात आहेत.

सहा वर्षांपूर्वी मी त्यांना इकडचेतिकडचे म्हणून सोडून दिलं होतं. तुझ्या एकशे अठराही फॉर्मांवर त्या चौकटीत दोन नोंदी आहेत. आधी निळ्यात 'सून' किंवा 'मुलगा', आणि त्याखाली काळ्यात 'कोणी नाही'. फॉर्मवर तारखेची जागा एकच होती. तू दोनदा जात होतीस ना? दुसऱ्यांदा, घरातली माणसं कामावर गेल्यावर? आणि फेरतपासणीच्या माणसाने विचारलं ते घरातल्या माणसांना.

हो किंवा नाही, एवढं कळव.

ताई


२० फेब्रुवारी

बारके,

काल दशांशसाहेबांकडे गेले. समितीचे अध्यक्ष अजून तेच आहेत, आणि अजून 'साधारण निम्मे' कोणी म्हणालं की विचारतात, "म्हणजे किती?" मी रंगीत चित्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"गृहीतक काय होतं तुमचं?"

"काही नव्हतं."

"मग शोधत काय होतात?"

"बघत होते."

"बाई, याला संशोधन म्हणत नाहीत. चाचपडणं म्हणतात."

"सहा वर्षांपूर्वीही मी चाचपडतच होते, सर. तेव्हा तुम्ही खाली सही केलीत."

त्यांनी चित्र माझ्याकडे परत सरकवलं. मग म्हणाले, "तेव्हाचे निष्कर्ष छापून झालेत." 'घरात राहणारे ९१ टक्के वृद्ध म्हणतात, घरचे आमच्याशी बोलतात' हे वाक्य आता आमच्या इमारतीच्या बाहेरही फिरतं. ते वाक्य मी लिहिलं आहे.

चाचपडण्याची मला लाज नाही. कुठला प्रश्न विचारायचा हेच माहीत नसतं तेव्हा आकड्यांमध्ये हात घालून बघावं लागतं, दुसरा मार्ग नाही. पण हाताला लागलं ते काय आहे, हे दिवा लावून वेगळं बघायचं असतं. मी ते केलं नाही. पुंजका दिसला, तुझं नाव दिसलं, आणि मी टिपण लिहिलं. माझ्या पहिल्या पत्रात 'समितीने ते बनावट ठरवले' असं आहे. समितीसमोर माझं टिपण होतं. त्यावरची तारीख फेरतपासणीच्या चार दिवस आधीची आहे. सख्ख्या बहिणीला पाठीशी घालते असं कोणी म्हणायला नको, म्हणून घाई केली. हे कारण आहे. सबब म्हणून लिहीत नाही.

तीच चूक आता उलट्या बाजूने करायची नाही. ज्या फॉर्मांनी शंका दिली, त्यांनाच साक्षीला उभं करता येणार नाही. म्हणून नवी दोनशे चाळीस घरं मागितली आहेत. निम्म्या घरी माणसांसमोर विचारायचं, निम्म्या घरी एकट्याला. कुठल्या घरी कसं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. काय निघेल असं मला वाटतं ते आधी लिहून, पाकीट बंद करून दशांशसाहेबांच्या कपाटात ठेवणार आहे. उलटं निघालं तर तेही छापणार. साहेब म्हणाले, विचार करतो. मी म्हटलं, सोमवारी येते. ते म्हणाले, सोमवारी मी नाही. मी म्हटलं, मंगळवारी येते.

आईला फोन केला होता. सगळं बरं आहे म्हणाली. ती नेहमीच तसं म्हणते. पहिल्यांदाच मी विचारलं, "खोलीत कोण आहे?" ती म्हणाली, "अगं, बारकी आहे ना इथंच, का गं?" मी काही नाही म्हटलं. तू चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतेस हेही तिनेच सांगितलं, आणि लोक तक्ता पाठ करून येतात म्हणून तू तक्ता फिरवतेस हेही.

सोबत मुलाखत घेणाऱ्यांसाठीच्या सूचनांचा कच्चा मसुदा ठेवला आहे. माणूस एकटा असताना त्याच्याशी कसं बोलायचं हे मला येत नाही. मी एकही फॉर्म स्वतः भरलेला नाही. पेन्सिलने खुणा केल्यास तरी चालेल.

ताई


१४ मार्च

बारके,

पाकीट मिळालं. वर पत्ता तुझ्या अक्षरात होता. तो बघून मी जिन्यातच बसले आणि तिथंच वाचलं.

माझ्या सूचना आणि तुझी पेन्सिल इथे उतरवून घेते, म्हणजे माझ्याकडून पुन्हा गफलत होणार नाही.

मी: 'वृद्ध व्यक्तीस विश्वासात घ्यावे.' तू: 'कसं ते सांगा की. नुसतं घ्यावे लिहिल्याने घेता येत नाही.'

मी: 'प्रश्न विचारल्यावर दहा अंक मोजेपर्यंत थांबावे.' तू दहावर काट मारली आहेस. 'त्यांनी खिडकीकडे बघून परत तुमच्याकडे बघेपर्यंत. कधी दहा, कधी दोनशे.'

मी: 'संभाषणाची सुरुवात प्रकृतीच्या चौकशीने करावी.' तू: 'बरं आहे ना, असं विचारलं की बरंच असतं. काल काय केलंत, ते विचारा.'

मी दुसऱ्या भेटीबद्दल काहीच लिहिलं नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं. तू समासात उभं लिहिलंस: 'पहिल्यांदा सुनेसमोर छत, पाणी, औषधं. ती तीस प्रश्नांत कंटाळते. निघताना म्हणायचं, एक कागद राहिला, परत यावं लागेल. दुपारी दोननंतर जायचं. बोलताना पेन हातात नको, माणसं पेनाकडे बघून बोलतात. नंतर जिन्यात उभं राहून लिहायचं. पहिलं पेन ऑफिसचं, टेबलावर ठेवायचं. दुसरं माझं, पर्समधलं.'

म्हणजे मिळालं उत्तर. दोन महिने लागले.

मसुद्याच्या शेवटी मी 'आभार' असं लिहून तुझं नाव घातलं होतं. ते तू इतकं जोरात खोडलंस की कागद फाटला. खाली लिहिलंस: 'माझं नाव नको. एकशे अठरा परत घाल. त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी म्हटलं होतं, लिहिलं जाईल. मग बघू.'

मी सहा वर्षं समजत होते की मी एका माणसाला काढलं.

अजून एक. 'तू काही बोलली नाहीस' असं मी जानेवारीत लिहिलं. ते खोटं आहे. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "घरच्यांना विचारलंत. आजोबांना विचारलंत का?" मग तू पर्स उचललीस. त्या बैठकीचं इतिवृत्त काल पुन्हा काढून वाचलं. त्यात हे वाक्य नाही. इतिवृत्त मी लिहिलं होतं.

परत घालते.

ताई


५ एप्रिल

बारके,

परत घातले.

साहेबांना पेन्सिलच्या खुणा पुरेशा नव्हत्या. मलाही नव्हत्या. म्हणून ज्या दहा घरी फेरतपासणी झाली होती त्याच दहा घरी मी गेले, दोननंतर. सहा जण आता हयात नाहीत. चौघे आहेत. एका आजींना तुझंच काय, त्यांच्या मुलाचंही नाव आठवत नव्हतं. तिघांना तू आठवतेस. एक आजी म्हणाल्या, "दुपारची यायची ती? तिला म्हणावं, माझी खिडकी दुरुस्त झाली." जिन्याखालच्या खोलीत राहणाऱ्या आजोबांना मी तुझं वर्णन सांगायला लागले, उंची, केस वगैरे. त्यांनी हात वर करून थांबवलं. "कोण, ती गप्प बसते ती?"

तिघांचे जबाब घेतले. दोन वेळा आली, दुसऱ्यांदा घरी कोणी नव्हतं, असं तिघांनीही सांगितलं.

बैठकीत साहेब म्हणाले, "बरं, घातले परत. किती फरक पडला?"

"एक्क्याण्णवचे एकोणनव्वद झाले."

"दोन टक्के! दोन टक्क्यांसाठी आपण आपलाच अहवाल खोटा ठरवायचा?"

"दोन टक्के एकशे अठरा माणसांमुळे, सर. बाकीच्या जवळजवळ तीन हजारांना आपण सुनेसमोर विचारलंय. त्यांचं काय उत्तर आहे ते आपल्याला माहीतच नाही."

"म्हणजे किती असेल?" त्यांनी सवयीने विचारलं.

"तेच शोधायला दोनशे चाळीस घरं मागते आहे."

घरं मिळाली. दुरुस्तीही छापली. 'समिती' हा शब्द तीनदा आला होता, तिन्ही ठिकाणी खोडून मी 'मी' घातला. मजकूर असा आहे: 'एकशे अठरा मुलाखती मी बनावट ठरवून वगळल्या. त्या खऱ्या होत्या. ज्या तपासणीच्या आधारे मी त्या वगळल्या तिच्यात मुलाखत दिलेल्यांना काही विचारलेलं नव्हतं. मुलाखत घेणारीने ते तेव्हाच लक्षात आणून दिलं होतं. मी ते नोंदवलं नाही.' तुझं नाव घातलेलं नाही, तू सांगितलंस म्हणून.

पुढच्या महिन्यापासून विभाग दुसऱ्या कोणाकडे जातो आहे. मला ही दोनशे चाळीस घरं तेवढी ठेवली आहेत. घरी सांगितलं. नवरा "बरं" म्हणाला आणि बातम्यांचा आवाज वाढवला. लेकीने कानातली गाण्यांची बोंडं काढून विचारलं, "काही म्हणालीस?" मी नाही म्हटलं.

बारा नव्या मुली घेतल्या आहेत. त्यांना शिकवायला कोणीतरी हवं. संस्थेचं रीतसर पत्र वेगळं येईल, त्यावर माझी सही नाही. यायचं की नाही ते तू ठरव.

ताई


२८ एप्रिल

बारके,

तू आलीस. मी दाराशी उभी होते. तू म्हणालीस, "नमस्कार मॅडम, फळा कुठे आहे?"

फळा दाखवला. तू तो वापरला नाहीस.

मी मागच्या बाकावर बसून बघत होते. सहा वर्षांत तुझा आवाज खाली गेला आहे. एका मुलीने विचारलं, "पण ताई, समोरचा रडायला लागला तर?" तू म्हणालीस, "तर रडू दे. तुझ्या बसची वेळ त्याला सांगू नकोस." सगळ्या हसल्या. ती मुलगी वहीत लिहून घ्यायला लागली तेव्हा तू तिच्या हातातलं पेन काढून घेतलंस.

मग म्हणालीस, "करून दाखवते. कोणीतरी आजी व्हा." बारा जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. तू माझ्याकडे बोट केलंस. "मॅडम, तुम्ही या. वयाने जवळच्या आहात." पुन्हा हसल्या.

मी समोरच्या खुर्चीवर बसले. तू विचारलंस, काल काय केलंत. मी सांगितलं, कपाट आवरलं. कुठलं कपाट, तू विचारलंस. मी सांगितलं. तू पेन टेबलावर ठेवलंस आणि सदतिसावा प्रश्न विचारलास. शब्द माझेच आहेत, सात वर्षांपूर्वी मी बसवलेले: "गेल्या सात दिवसांत घरातलं कोणी तुमच्याशी दहा मिनिटांहून जास्त वेळ बोलत बसलं का?"

मी लगेच म्हणाले, "हो. रोज बसतात."

तू थांबली नाहीस. मुलींकडे वळलीस आणि म्हणालीस, "झालं. लिहा, हो. आता समासात बघा. हजर व्यक्तींच्या चौकटीत काय लिहाल?"

कोणीतरी म्हणालं, "बारा."

"बारा. आणि आजींनी खोटं सांगितलं का? नाही. बारा जणींसमोर जे सांगता येतं ते सांगितलं."

सगळ्या लिहीत होत्या. तू पेन उचललंस, माझ्याकडे न बघता, आणि पुढचा मुद्दा घेतलास. चार वाजता निघून गेलीस. दाराशी म्हणालीस, "आईचं गुडघ्याचं औषध इथल्या दुकानात मिळेल का?" मी दुकान सांगितलं.

सोमवारी घरं सुरू होतात. त्यांतली वीस मी स्वतः करणार आहे. दहा सगळ्यांसमोर, दहा दुपारची. चिठ्ठ्या टाकून झाल्या. पाकीट कपाटात आहे. मी 'फरक निघेल' असं लिहिलं आहे. किती, ते लिहिलेलं नाही. साहेब त्यावरून नाराज आहेत.

माझा फॉर्म मुलींनी नमुना म्हणून फाइलला लावला आहे. त्यात अजून 'हो' आहे. मी तो बदलला नाही. ज्याने विचारलं त्यानेच बदलायचा असतो.

शनिवारी दोननंतर माझ्या घरी कोणी नसतं. नवरा सहाला येतो, लेक त्याहून उशिरा. कागद राहिला होता असं सांगायची गरज नाही. बेल बिघडली आहे, दार वाजव. मी आतल्या खोलीत असले तरी ऐकू येतं.

ताई